कथा कुणाची, नाव कुणाचं

महेश भट्ट यांचा ‘क्रिमिनल’ नव्वदच्या दशकात ज्यांनी पाहिला, त्यांना नागार्जुनने केलेला डॉक्टर आठवत असेल. बायकोचा खून होतो, आळ त्याच्यावरच येतो आणि पोलिसांना चुकवत तो खऱ्या खुन्याच्या मागे लागतो. ही गोष्ट भट्टांकडे आली ती १९९३ च्या ‘द फ्युजिटिव्ह’ या हॅरिसन फोर्डच्या चित्रपटावरून. तो चित्रपट १९६३ ते १९६७ या काळात अमेरिकेत गाजलेल्या त्याच नावाच्या मालिकेवर बेतलेला होता. मालिकेच्या मुळाशी मात्र एका माणसाने लिहून काढलेली काही पानं होती. ती पानं हातात घेऊन तो माणूस भेटेल त्याला गोष्ट ऐकवत होता आणि ऐकणारे हात झटकत होते.

त्या माणसाचं नाव रॉय हगिन्स. कादंबरीकार, पटकथाकार आणि सर्वांत जास्त काळ टीव्ही मालिकांचा निर्माता. ‘मॅव्हरिक’, ‘सेव्हंटी सेव्हन सनसेट स्ट्रिप’, ‘द फ्युजिटिव्ह’, ‘द रॉकफर्ड फाइल्स’ अशा चार नामांकित मालिका एकाच डोक्यातून निघाल्या, हे अमेरिकेतल्याही अनेक प्रेक्षकांना ठाऊक नसतं. त्याला कारण आहे. यातल्या पहिल्या दोन मालिकांवर त्यांचं नाव जनक म्हणून झळकू नये, यासाठी स्टुडिओने पद्धतशीर प्रयत्न केले होते. हगिन्स यांची कारकीर्द मला मोलाची वाटते ती याचमुळे. टीव्हीवरची गोष्ट नक्की कुणाच्या मालकीची, हा प्रश्न त्यांच्या आयुष्यात पुन्हा पुन्हा उभा राहिला आणि प्रत्येक वेळी त्यांनी त्याचं थोडं वेगळं उत्तर शोधलं.

हगिन्स यांचा जन्म १९१४ चा, वॉशिंग्टन राज्यातला. शिक्षण लॉस एंजेलिसला, कॅलिफोर्निया विद्यापीठात. विषय राज्यशास्त्र. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात त्यांनी सरकारी खात्यात आणि नंतर कारखान्यात औद्योगिक अभियंता म्हणून नोकरी केली आणि त्याच काळात ते लिहायला बसले. १९४६ साली ‘द डबल टेक’ ही त्यांची पहिली कादंबरी आली. तिचा नायक स्टुअर्ट बेली हा लॉस एंजेलिसमधला खासगी गुप्तहेर. रेमंड चँडलर यांच्या लेखनाचा प्रभाव या पुस्तकावर उघड दिसतो. तेच शहर, तोच थकलेला सूर, श्रीमंतांच्या बंगल्यांतली तीच लपवाछपवी. दोनच वर्षांनी कोलंबिया स्टुडिओने त्यावर ‘आय लव्ह ट्रबल’ हा चित्रपट काढला. पटकथा हगिन्स यांचीच होती. हॉलिवूडचं दार असं उघडलं.

त्यांच्या चित्रपटांपैकी एकाबद्दल थोडं थांबून बोलायला हवं. ‘टू लेट फॉर टिअर्स’ (१९४९) हा त्यांच्याच कादंबरीवरचा, त्यांच्याच पटकथेचा चित्रपट. रात्रीच्या वेळी एक नवराबायको मोटारीतून डोंगररस्त्याने चाललेले असतात. समोरून येणाऱ्या गाडीतून कुणीतरी एक बॅग त्यांच्या उघड्या मोटारीत भिरकावतं. बॅग नोटांनी ठासून भरलेली. नवरा म्हणतो, पोलिसांकडे देऊन टाकू. बायको म्हणते, नाही. पुढचा सगळा चित्रपट त्या नकारातून उलगडत जातो. लिझबेथ स्कॉट यांनी रंगवलेली ही बाई परिस्थितीने गांजलेली नाही, कुणी तिला फसवलेलंही नाही. तिला पैसा हवा आहे आणि तो मिळवण्यासाठी ती काहीही करायला तयार आहे. नायिकेच्या हावेला इतकं सरळ आणि बिनसबबीचं रूप त्या काळी क्वचितच मिळालं असेल. या चित्रपटाच्या बऱ्या प्रती पुढे दुर्मिळ झाल्या. २०१४ च्या सुमारास कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या चित्रपट संग्रहालयाने फिल्म नॉयर फाउंडेशनच्या साथीने तो दुरुस्त करून पुन्हा पाहण्याजोगा केला.

बाकीच्या चित्रपटांची नोंद पुरे. १९५२ साली रँडॉल्फ स्कॉटला घेऊन ‘हँगमन्स नॉट’ हा वेस्टर्न त्यांनी लिहिला आणि दिग्दर्शितही केला. १९५४ चा ‘पुशओव्हर’ त्यांनी लिहिला. त्यातून किम नोव्हाक पहिल्यांदा नायिका म्हणून पुढे आली.

त्याच १९५२ साली एक अप्रिय प्रसंग घडला आणि त्याला वळसा घालून पुढे जाता येणार नाही. अमेरिकी संसदेची ‘अन-अमेरिकन’ कारवायांची चौकशी करणारी समिती तेव्हा हॉलिवूडच्या मागे हात धुऊन लागली होती. पूर्वी कम्युनिस्ट पक्षात असलेल्यांना बोलावून त्यांच्याकडून सहकाऱ्यांची नावं वदवून घेतली जात. नावं सांगायला नकार देणाऱ्याला काम मिळणं बंद होई. काहींना तुरुंगवासही झाला. हगिन्स तरुणपणी पक्षात होते. त्यांना बोलावणं आलं, ते गेले आणि समितीपुढे आधीच आलेली नावं त्यांनी पुन्हा उच्चारली. आपण कुणाचं नवं नुकसान केलं नाही, असं म्हणण्याची सोय त्यात होती. पण त्यांनी पुढे तिचा आधार घेतला नाही. या विषयावर पुस्तक लिहिणारे व्हिक्टर नवास्की यांच्याशी बोलताना, त्या वेळी आपलं धैर्य खचलं, अशी कबुली त्यांनी दिली. घरची जबाबदारी होती, भीती होती, आणि तरीही नकार द्यायला हवा होता, असा त्या कबुलीचा रोख आहे. मला ही कबुली महत्त्वाची वाटते. त्या दिवशी ज्यांनी नकार दिला त्यांनी मोठी किंमत मोजली, आणि हगिन्स यांचं पुढचं यश मोजताना हा हिशेब बाजूला ठेवणं त्या लोकांवर अन्याय करणारं होईल.

१९५५ साली हगिन्स वॉर्नर ब्रदर्समध्ये टीव्ही निर्माते म्हणून दाखल झाले. त्या काळी मोठे स्टुडिओ टीव्हीकडे शत्रू म्हणून बघत होते, पण घराघरांत संच पोहोचल्यावर त्यांना पाऊल टाकणं भाग पडलं. एबीसी ही तेव्हा तीन राष्ट्रीय वाहिन्यांतली सर्वांत अशक्त वाहिनी. तिच्यासाठी वॉर्नरने आपल्या जुन्या चित्रपटांवरून मालिका काढायला सुरुवात केली. त्यातली ‘शायन’ ही वेस्टर्न हगिन्स यांच्या हाती आली आणि तीच तगली. गोदामात पडलेल्या जुन्या पटकथा काढायच्या, घोडे आणि टोप्या बदलायच्या आणि तासाभराचा भाग उभा करायचा, ही त्या कारखान्याची रीत होती. जॉन ह्यूस्टनच्या ‘ट्रेझर ऑफ द सिएरा माद्रे’ची गोष्टही ‘शायन’च्या एका भागात अशीच येऊन गेली. हगिन्स यांनी ही कामं केली, पण त्यांच्या मनात वेगळीच वेस्टर्न घोळत होती.

तेव्हाच्या वेस्टर्नचा नायक म्हणजे न्यायाचा पुतळा. तो बंदूक चालवण्यात सर्वांत वेगवान, बाईमाणसाशी अदबीने वागणारा, पैशाला न शिवणारा आणि गावावर संकट आलं की पुढे होणारा. हगिन्स यांनी यातला एकेक गुण उचलून उलटा केला. त्यांचा ब्रेट मॅव्हरिक हा पत्ते खेळून पोट भरणारा माणूस. बंदुकीत तो फारसा तरबेज नाही आणि ती काढायची वेळ येऊ नये यासाठीच त्याची सगळी अक्कल खर्च होते. मारामारी टाळता आली तर तो टाळतो. अडीअडचणीसाठी हजार डॉलरची एक नोट कोटाच्या आत टाचून ठेवलेली असते. मदतीला धावून जाण्याआधी यात आपलं काय, असा विचार तो करतो आणि तो विचार लपवतही नाही. या मालिकेसाठी लिहिणाऱ्यांना आणि दिग्दर्शकांना हगिन्स यांनी एक दहा कलमी टिपण काढून दिलं होतं. मॅव्हरिकचं मुख्य प्रयोजन नफा हे आहे, असं त्यात स्वच्छ बजावलेलं होतं.

जेम्स गार्नर या उंच, देखण्या नटात विनोदाची जाण आहे हे हगिन्स यांनी आधीच्या छोट्या भूमिकांतून हेरलं होतं. ‘मॅव्हरिक’ २२ सप्टेंबर १९५७ रोजी सुरू झाली. रविवारी संध्याकाळी, एड सलिव्हन आणि स्टीव्ह ॲलन यांच्या तुफान लोकप्रिय कार्यक्रमांसमोर. एबीसीला तिथे काही आशा नव्हती. तरीही या जुगाऱ्याने त्या दोघांचे प्रेक्षक ओढले आणि १९५९ साली मालिकेला सर्वोत्तम वेस्टर्नचं एमी पारितोषिक मिळालं.

इथे टीव्हीच्या कारखान्याची एक खरी अडचण सांगण्यासारखी आहे, कारण तिच्यातूनच मालिकेचा दुसरा नायक जन्मला. ‘मॅव्हरिक’चा एक भाग चित्रित व्हायला आठ दिवस लागत आणि प्रक्षेपण दर सात दिवसांनी. म्हणजे दर आठवड्याला गाडी एकेक दिवस मागे पडणार. शिल्लक भाग संपले की पडदा मोकळा राहणार हे उघड होतं. मग हगिन्स यांनी ब्रेटला एक भाऊ दिला. बार्ट मॅव्हरिकच्या भूमिकेत जॅक केली आला, दोन वेगळ्या तुकड्या एकाच वेळी दोन भाग चित्रित करू लागल्या आणि वेळापत्रक सावरलं. पटकथा लिहिताना मात्र लेखकांनी डोळ्यांसमोर गार्नरच ठेवावा असा हगिन्स यांचा आग्रह असे. कोणता भाऊ कोणता भाग करणार हे नंतर ठरे.

ही सक्तीची सोय हगिन्स यांनी किती सुंदर वापरली हे पाहायचं तर नोव्हेंबर १९५८ मधला ‘शेडी डील ॲट सनी एकर्स’ हा भाग बघावा. रात्री बँक बंद झाल्यावर ब्रेट आपले पंधरा हजार डॉलर खुद्द बँकेच्या मालकाकडे ठेवायला देतो. सकाळी परत मागायला जातो तर मालक कानावर हात ठेवतो. साक्षीदार नाही, कागदही टिकत नाही. गावासमोर ब्रेट जाहीर करतो की दोन आठवड्यांत मी माझे पैसे परत मिळवीन. आणि मग तो काय करतो? हॉटेलच्या ओसरीवर आरामखुर्ची टाकून लाकडाचा तुकडा चाकूने तासत बसतो. येणारे-जाणारे विचारतात, काय चाललंय? तो शांतपणे सांगतो, त्यावरच काम चाललंय. लोक हसतात. दिवस सरतात. इकडे बार्ट आणि मालिकेतले एकेक ओळखीचे ठग गावात उतरतात आणि त्या लबाड मालकाच्या हावेलाच आमिष दाखवून त्याच्याभोवती जाळं विणतात. तासाभराच्या भागात नायक खुर्चीतून जवळजवळ उठत नाही, आणि तरी त्याच्या मनासारखं सगळं घडतं. कृतीवर उभ्या असलेल्या वेस्टर्न या प्रकारात लेखकाने नायकाला बसवून ठेवलं आणि ताण तसूभरही सैल होऊ दिला नाही. पंधरा वर्षांनी आलेल्या ‘द स्टिंग’ या चित्रपटाशी या भागाचं नातं अनेकांनी जोडलं आहे. ते जोडलं नाही तरी हा भाग स्वतःच्या बळावर उभा आहे.

आता मालकीची गोष्ट. मालिकेची कल्पना लेखकाची स्वतःची असेल तर जनक म्हणून त्याचं नाव आणि त्यासोबत प्रत्येक भागामागे मोबदला द्यावा लागे. वॉर्नरला हे नको होतं. हगिन्स यांनी ‘पॉइंट ब्लँक’ हा भाग मालिकेची सुरुवात म्हणून तयार केला होता. स्टुडिओने तो मागे ठेवला आणि पहिला भाग म्हणून ‘वॉर ऑफ द सिल्व्हर किंग्ज’ दाखवला. हा भाग ज्या पुस्तकावर बेतला होता त्याचे हक्क वॉर्नरकडे आधीपासून होते. पहिलाच भाग स्टुडिओच्या मालमत्तेतून आला, म्हणजे मालिकाही स्टुडिओचीच, असा हा युक्तिवाद. पुस्तक तांब्याच्या खाणींच्या भांडणाचा इतिहास सांगणारं. त्यात पत्ते पिसणारा ब्रेट मॅव्हरिक कुठेही नाही. तरी कागदोपत्री काम भागलं.

पुढच्याच वर्षी हीच खेळी आणखी धीटपणे झाली. हगिन्स यांचा जुना गुप्तहेर स्टुअर्ट बेली याच्यावर मालिका काढायचं ठरलं. नमुन्याचा भाग ‘गर्ल ऑन द रन’ या नावाने पूर्ण चित्रपटाच्या लांबीचा केला गेला. हा नायक हगिन्स यांनी १९४६ पासून कादंबरीत आणि नियतकालिकांतल्या कथांत लिहिलेला. तेव्हा जनक कोण, यात शंकेला जागाच नव्हती. पण वॉर्नरने तो भाग टीव्हीवर आणण्याआधी कॅरिबियन बेटांवरच्या एका थिएटरात नेऊन लावला. तिथे तो ‘प्रदर्शित’ झाला आणि मग ‘सेव्हंटी सेव्हन सनसेट स्ट्रिप’ ही मालिका वॉर्नरच्या चित्रपटावर आधारित ठरली. इतक्या लांबच्या बेटावर रीळ नेण्याचे कष्ट स्टुडिओने का घेतले असतील हे उमगलं, की त्या श्रेयाची किंमत कळते. गाजलेली मालिका वर्षानुवर्षं चालते, पुन्हा पुन्हा दाखवली जाते, परदेशी विकली जाते. जनकाचा वाटा त्या प्रत्येक वेळी द्यावा लागला असता.

ऑक्टोबर १९५८ मध्ये सुरू झालेली ही मालिका एफ्रेम झिम्बालिस्ट ज्युनियर यांच्या बेलीपेक्षाही ‘कुकी’ या पोरगेल्या पात्रामुळे गाजली. खिशातून कंगवा काढून सतत केस विंचरणारा, बाजूच्या क्लबच्या गाड्या लावणारा हा पोरगा. गंमत म्हणजे एड बर्न्स हा नट नमुन्याच्या भागात थंड डोक्याचा खुनी होता. तरुण प्रेक्षकांना तो इतका आवडला की मालिकेत त्याला नव्या भूमिकेत आणावं लागलं.

‘मॅव्हरिक’चे दोन हंगाम सांभाळून हगिन्स १९५९ मध्ये त्या मालिकेतून बाहेर पडले. त्यांच्यानंतर गार्नरही थांबला नाही. १९६० च्या लेखकांच्या संपाचं कारण दाखवून स्टुडिओने त्याचा पगार थांबवला, तेव्हा तो न्यायालयात गेला आणि जिंकला.

यानंतर हगिन्स ट्वेंटिएथ सेंच्युरी फॉक्सच्या टीव्ही विभागाचे उपाध्यक्ष झाले. तिथला काळ थोडक्यात आटोपला. ‘बस स्टॉप’ या त्यांच्या मालिकेतल्या डिसेंबर १९६१ च्या एका भागात तरुणींचा लाडका गायक फेबियन याला विकृत खुन्याच्या भूमिकेत दाखवलं होतं. दिग्दर्शक रॉबर्ट ऑल्टमन. भागावर एवढं काहूर उठलं की अनेक स्थानिक केंद्रांनी तो दाखवायला नकार दिला आणि प्रकरण सिनेटच्या सुनावणीत पोहोचलं. मालिका एकाच हंगामात संपली. हगिन्स यांनी टीव्हीला रामराम ठोकायचं ठरवलं आणि पदव्युत्तर अभ्यासासाठी ते पुन्हा आपल्या विद्यापीठात गेले.

‘द फ्युजिटिव्ह’ची पानं याच सुमाराची. तिच्या जन्माबद्दल एक समज घट्ट बसलेला आहे. ओहायोतले डॉक्टर सॅम शेपर्ड यांना १९५४ साली पत्नीच्या खुनाबद्दल दोषी ठरवलं गेलं होतं आणि मालिका त्यावरूनच सुचली, असं सर्रास म्हटलं जातं. हगिन्स यांनी हे नेहमी नाकारलं. त्यांनी दिलेलं कारण जास्त पटणारं आहे, कारण ते लेखकाच्या अडचणीतून आलेलं आहे. वेस्टर्नच्या नायकाचं मोठं सुख म्हणजे तो मोकळा असतो. आज या गावात, उद्या त्या गावात, कुणाचं देणं नाही, जबाबदारी नाही. प्रेक्षकाला ते हवंहवंसं वाटतं. असा माणूस आजच्या अमेरिकेत आणायचा कसा? धडधाकट शिकलेला माणूस नोकरी-घर सोडून भटकतो म्हटलं तर लोक त्याला नालायक समजतील. म्हणून त्याच्यावर भटकणं लादलं गेलं पाहिजे. फाशीची शिक्षा झालेला, पण निर्दोष माणूस रेल्वे अपघातात सुटतो. आता त्याला थांबताच येणार नाही. त्याने काम बदललं, नाव बदललं, कुणावर प्रेम जडलं तरी पाय काढता घेतला, तर यातलं काहीही त्याच्या माथी दोष म्हणून मारता येणार नाही. त्याच्या मागे ‘ले मिझराब्ल’मधल्या इन्स्पेक्टर झावेअरसारखा एक पोलीस अधिकारी, आणि पुढे धूसर दिसणारा खरा खुनी, एक हात नसलेला माणूस.

ज्यांना ही गोष्ट ऐकवली ते हबकले. दर आठवड्याला कायद्याला चकवणाऱ्या माणसाच्या बाजूने देश कसा उभा राहील? न्यायव्यवस्थेचा हा जाहीर अपमान आहे, असं एबीसीच्या अधिकाऱ्यांना वाटलं. मित्रांनीही नाकं मुरडली. शेवटी एबीसीचे प्रमुख लिओनर्ड गोल्डनसन यांनी ती ऐकली आणि त्यांना ती पसंत पडली. हगिन्स यांनी या वेळी वेगळा सौदा केला. मालिका बनवण्याचं काम क्विन मार्टिन यांच्या कंपनीकडे गेलं, हगिन्स दैनंदिन निर्मितीपासून लांब राहिले, पण जनक म्हणून नाव आणि मोबदला त्यांचा. वॉर्नरमध्ये चटका बसलेल्या माणसाने केलेली ही व्यवस्था होती. गोष्ट दुसऱ्याने चित्रित केली तरी चालेल, तिच्यावरचं नाव सोडायचं नाही.

१७ सप्टेंबर १९६३ पासून चार हंगाम आणि १२० भाग डेव्हिड जॅन्सन यांचा डॉक्टर किंबल पळत राहिला. आपल्याकडच्या प्रेक्षकाला हे सांगायला हवं की त्या काळी अमेरिकेत मालिका सहसा शेवट न करताच बंद होत. भाग सुटे असत, कोणताही कधीही पुन्हा दाखवता यावा म्हणून. ‘द फ्युजिटिव्ह’ने मात्र हिशेब पूर्ण केला. २९ ऑगस्ट १९६७ रोजी शेवटचा भाग दाखवला गेला तेव्हा अमेरिकेत टीव्ही लावून बसलेल्या घरांपैकी ७२ टक्के घरांत तोच चालू होता. हा विक्रम ‘डॅलस’ मालिकेतल्या जे. आर. वर गोळी कुणी झाडली याचा उलगडा होईपर्यंत, म्हणजे १९८० पर्यंत टिकला. न्यायव्यवस्थेच्या अपमानाची ज्यांना धास्ती होती, त्यांचा प्रेक्षकांबद्दलचा अंदाज साफ चुकला होता. लोकांना कायदा नको होता असं नाही. कायदा चुकू शकतो हे त्यांना ठाऊक होतं आणि त्या चुकीखाली सापडलेल्या माणसाचं काय होतं हे त्यांना पाहायचं होतं.

विद्यापीठातला मुक्काम लांबला नाही. १९६३ मध्ये हगिन्स युनिव्हर्सलमध्ये गेले आणि पुढची बरीच वर्षं तिथेच रमले. आता ते ‘पब्लिक आर्ट्स’ या स्वतःच्या कंपनीच्या नावाने निर्मिती करत. तिथे त्यांची काम करण्याची एक खास पद्धत बसली आणि तिच्याबद्दल त्यांच्या हाताखालचे लेखक वर्षानुवर्षं बोलत राहिले. गोष्टी हव्या असल्या की हगिन्स टेपरेकॉर्डर घेऊन एकटेच मोटारीने लांब निघत. वाळवंटातून, राज्याची हद्द ओलांडून, मैलोगणती. गाडी चालवता चालवता ते गोष्ट बोलून ठेवत, प्रसंगामागून प्रसंग. परतले की लेखकाला समोर बसवून पूर्ण गोष्ट सांगत. ते सगळं टाइप होऊन लेखकाच्या हाती पडे आणि त्यावरून त्याने पटकथा लिहायची. या गोष्टींवर नाव असे ‘जॉन थॉमस जेम्स’. ही त्यांच्या तीन मुलांची नावं. ‘एलियस स्मिथ अँड जोन्स’ या सत्तरच्या दशकातल्या वेस्टर्नच्या बहुतेक भागांवर कथाकार म्हणून हेच नाव दिसतं. मॅव्हरिकच्या ब्रेटलाही त्यांनी आपल्या थोरल्या मुलाचंच नाव दिलं होतं.

या पद्धतीला मर्यादा होत्याच. सगळ्या गोष्टी एकाच डोक्यातून आल्या की सांधे ओळखू येतात, वळणं पुन्हा भेटतात. हगिन्स स्वतःच्या जुन्या कथानकांचा पुनर्वापरही मोकळेपणाने करत. पण तरुण लेखकांसाठी ती शाळा होती. प्रसंग कुठे सुरू करायचा, माहिती कधी दडवायची, नायकाला काय हवंय हे प्रेक्षकाला कधी कळलं पाहिजे, हे त्यांना समोर बसून ऐकायला मिळे. या शाळेतला सर्वांत नावारूपाला आलेला विद्यार्थी स्टीफन कॅनेल. पुढे ‘द ए-टीम’, ‘ट्वेंटी वन जंप स्ट्रीट’ करणारा हाच.

कॅनेलबरोबर हगिन्स यांनी ‘द रॉकफर्ड फाइल्स’ उभी केली. मॅव्हरिक जर आज गुप्तहेर असता तर, ही तिची कळ, आणि नायक पुन्हा जेम्स गार्नर. जिम रॉकफर्ड मालिबूच्या किनाऱ्यावर एका मोडक्या ट्रेलरमध्ये राहतो. न केलेल्या गुन्ह्याबद्दल तुरुंग भोगून आलेला आहे. त्याचा दर दिवसाला दोनशे डॉलर अधिक खर्च, आणि गिऱ्हाइकं ते बुडवतात. बंदूक बिस्किटांच्या बरणीत पडलेली असते. मार खाणं त्याला आवडत नाही, पण तो बऱ्याचदा खातो. खासगी गुप्तहेराने पोलिसांच्या चालू तपासात लुडबुड केली तर परवाना जाऊ शकतो, म्हणून रॉकफर्ड पोलिसांनी मिटवलेली प्रकरणंच घेतो. हा छोटासा नियम कथेला किती उपयोगी पडतो पाहा. प्रत्येक प्रकरण मुळातच शिळं, विसरलेलं, आणि ते पुन्हा उकरणारा माणूस सगळ्यांनाच नकोसा. एबीसीने हा प्रस्ताव नाकारला, एनबीसीने घेतला. १९७४ पासून सहा हंगाम ती चालली आणि १९७८ मध्ये तिला सर्वोत्तम नाट्यमालिकेचं एमी मिळालं. हगिन्स पहिल्या हंगामानंतरच रोजच्या कामातून बाजूला झाले होते, पण जनक म्हणून कॅनेलबरोबर त्यांचं नाव प्रत्येक भागावर राहिलं.

मॅव्हरिक, किंबल, रॉकफर्ड. तिघंही व्यवस्थेच्या काठावर उभे आहेत. तिघांनाही सरकार, पोलीस, श्रीमंत यांच्यावर भाबडा विश्वास ठेवणं परवडत नाही. आणि तिघंही कडवट नाहीत, हे मला सर्वांत विलक्षण वाटतं. मधल्या काळातला ‘रन फॉर युवर लाइफ’चा पॉल ब्रायन हाही याच कुळातला. त्याला डॉक्टरांनी फार तर दीड वर्षाची मुदत दिलेली आणि तो उरलेलं आयुष्य जगून घ्यायला निघालेला. बेन गझारा यांची ही भूमिका तीन हंगाम चालली. या नायकांना १९५२ च्या सुनावणीशी जोडण्याचा मोह समीक्षकांना होतो. मला ते पूर्ण पटत नाही, कारण स्टुअर्ट बेली आणि बॅग न सोडणारी ती बाई, दोन्ही त्या आधीची आहेत. सत्तेवरचा हा अविश्वास हगिन्स यांच्यात सुरुवातीपासून होता. सुनावणीने त्याला फार तर धार आली.

ऐंशीच्या दशकात कॅनेलची स्वतःची कंपनी होती आणि त्याची ‘हंटर’ ही पोलीस मालिका डळमळत होती. १९८५ मध्ये त्याने आपल्या सत्तरी ओलांडलेल्या गुरूला बोलावलं. हगिन्स आले, त्यांनी मारझोड कमी केली, कथानक घट्ट केलं, मालिका सावरून दिली आणि काही हंगाम सांभाळलीही.

१९९३ च्या ‘द फ्युजिटिव्ह’ चित्रपटाच्या श्रेयनामावलीत हगिन्स यांचं नाव आहे. त्यातल्या भूमिकेसाठी टॉमी ली जोन्स यांना ऑस्कर मिळालं. पुढच्याच वर्षी मेल गिब्सनला घेऊन ‘मॅव्हरिक’ चित्रपट आला आणि तोही वॉर्नर ब्रदर्सचाच. मूळ मालिका रॉय हगिन्स यांची, असं त्यावर आता लिहिलेलं होतं. ‘वॉर ऑफ द सिल्व्हर किंग्ज’ दाखवल्याला तेव्हा सदतीस वर्षं झाली होती. हगिन्स ३ एप्रिल २००२ रोजी सँटा मोनिकात वारले.

त्यांचं काम बघायला घेणाऱ्याने ‘शेडी डील ॲट सनी एकर्स’पासून सुरुवात करावी, मग ‘टू लेट फॉर टिअर्स’ बघावा. ‘द फ्युजिटिव्ह’चे पहिले काही भाग आणि शेवटचे दोन हे एकापाठोपाठ पाहिले तरी चालतात. रॉकफर्ड मात्र घाई न करता, एका वेळी एक, असाच बघावा.